बाखचा वाढदिवस सांगलीत: २१ मार्च धरू की ३१ मार्च? आणि पायपेटीवर काय वाजवू?

कृष्णाकाठ (गावभाग, सांगली), ४ मार्च

नमस्कार मंडळी. बाख या जुन्या जर्मन संगीतकाराच्या वाढदिवसाबद्दल दोन प्रश्न आहेत, पण आधी थोडी हकीकत सांगते.

मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. आमच्या घरात बाबांची पायपेटी आहे. बाबा हौशी नाटक मंडळींना साथ करायचे. सांगलीत त्या काळी दर दोन गल्ल्यांआड एक तरी संगीत नाटकाची तालीम चालायची, आणि बाबांची पायपेटी हातगाडीवरून तालमीला जायची.

हातपेटीत डावा हात भात्याला अडकतो आणि गाणं सगळं उजव्याकडे जातं. पायपेटीत भाता पायाखाली असल्यामुळे डावा मोकळा होतो. पण मोकळ्या झालेल्या त्या हाताला काम काय? बाबा डाव्यानं सा-प धरून ठेवायचे, किंवा उजवा वाजवतो तेच एक सप्तक खाली वाजवायचे. मी जन्मापासून डावरी. पाटीवर डाव्या हातानं अक्षर काढलं की पट्टी बसायची, तीर्थाला डावा हात पुढे केला की आजी हात मागे ढकलायची. पेटीवर तरी डाव्याला काहीतरी मिळेल असं लहानपणी वाटायचं, पण तिथंही तो उजव्याच्या मागं उभा.

पुढं पस्तिशीत, मिरजेच्या एका सहकारी बाईंनी मला एक पातळ पुस्तक दिलं. त्या त्यांच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. पुस्तकात बाखच्या दोन आवाजांच्या पंधरा छोट्या रचना होत्या, इन्व्हेन्शन म्हणतात त्यांना. शिकणाऱ्याला दोन आवाज स्वच्छ वाजवता यावेत आणि वाजवणं गाण्यासारखं व्हावं, म्हणून बाखनं १७२३ साली त्यांची नीट प्रत तयार केली. पाच रेघांचं नोटेशन मी त्या बाईंकडूनच शिकले, शाळा सुटल्यावर, स्टाफरूममध्ये.

पहिलीच रचना बघा. पांढरी एकचा (इंग्रजी नोटेशनमधला सी) सा धरला तर उजवा हात म्हणतो: सा रे ग म रे ग सा प. तो प वर टेकतो न टेकतो तोच डावा एक सप्तक खालून तेच म्हणायला लागतो: सा रे ग म रे ग सा प. आता उजवा गप्प बसत नाही, तो पुढचं बोलत राहतो. तिसऱ्या आवर्तनात हीच ओळ उलटी होऊन येते, ध प म ग प म ध प. चढत होतं ते उतरायला लागतं. पाण्यात पडलेलं झाडाचं प्रतिबिंब असावं तसं. पुढं डावा आधी बोलतो आणि उजवा त्याच्या मागून येतो. बावीस आवर्तनं, जेमतेम दीड मिनिट, आणि त्यात दोन्ही हातांना सारखा मान. पहिल्यांदा दोन्ही हात जुळले त्या दिवशी मी पेटीवर डोकं टेकून रडले होते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आमच्या घरात छातीभर पाणी चार दिवस होतं. पुस्तक माळ्यावर नेलं, पण पायपेटी कशी नेणार? पाणी ओसरल्यावर बघितलं तर भात्याचं कापड आणि चामडं कुजलेलं, सूर गंजलेले, पट्ट्या फुगून एकमेकींना चिकटलेल्या, तळाशी दोन बोटं गाळ. बऱ्याच जणांनी भंगारात द्या म्हणून सांगितलं. मिरजेच्या कारागिरांनी मात्र थोडं थोडं करत ती उभी केली. गेल्या दिवाळीत ती पुन्हा बोलली.

म्हणून यंदा पहिल्यांदाच बाखचा वाढदिवस घरी साजरा करायचा आहे. चौदा माणसं बोलावणार आहे. चौदाच का, ते सांगते. त्याच्या आडनावाची अक्षरं बी, ए, सी, एच. इंग्रजी मुळाक्षरांत त्यांचे क्रमांक २, १, ३ आणि ८, बेरीज १४. ही बेरीज त्याच्या संगीतात ठिकठिकाणी दिसते असं अभ्यासक म्हणतात. जर्मनीतल्या लाइपत्सिश शहरातल्या एका संगीत-मंडळात तो १७४७ साली चौदावा सभासद म्हणून दाखल झाला, एवढं तर नोंदलेलंच आहे. गणिताच्या बाईला याहून काय पाहिजे!

आता प्रश्न.

एक: पुस्तकांत त्याचा जन्म २१ मार्च १६८५ असा देतात, तर काही ठिकाणी ३१ मार्च. कोणता दिवस धरायचा?

दोन: येणारे सगळे नाट्यसंगीत आणि अभंग ऐकणारे. बाख कुणीच ऐकलेला नाही. शेजारच्या काकू ८३ वर्षांच्या आहेत, त्यांना भाषण नको, सूर पाहिजे. त्यांना आत कसं न्यायचं? पंधरातल्या सात रचना माझ्या हातात बसल्या आहेत.


शके१६०६ (कराड), ४ मार्च

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून घ्या, पंचांग हा माझा जुना नाद.

दोन्ही तारखा एकाच दिवसाच्या आहेत. बाखचं जन्मगाव आयझेनाख, थुरिंगिया प्रांतातलं. तिथली प्रॉटेस्टंट संस्थानं तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर पाळत होती. आपण आज वापरतो त्या ग्रेगोरियन कॅलेंडरच्या ते दहा दिवस मागं होतं. बाख पंधरा वर्षांचा होत होता त्या सुमाराला, १७०० साली, त्या संस्थानांनी १८ फेब्रुवारीच्या दुसऱ्या दिवशी थेट १ मार्च लिहिला आणि फरक मिटवला. म्हणजे त्याच्या आईनं पाळण्यात घातलं तेव्हा गावच्या कॅलेंडरवर २१ मार्च होता, आणि आजच्या हिशोबानं तो ३१ मार्च. दोन्ही बाजूंनी वार शनिवारच येतो, तो मी ताडून बघितला.

आपल्याला यात नवल वाटायला नको. शिवजयंती १९ फेब्रुवारीला करणारे आहेत आणि फाल्गुन वद्य तृतीयेला करणारेही आहेत. आमच्या गल्लीत दोन्ही होतात.

गंमत म्हणून आपल्या पद्धतीनंही मांडून बघितलं. तो दिवस अमावास्येच्या तीन-चार दिवस आधी, फाल्गुन वद्य पक्षात, शके १६०६ मध्ये पडतो. आता माझं इथलं नाव कुठून आलं ते तुम्हाला कळलं असेल. तेव्हा स्वराज्याच्या गादीवर संभाजी महाराज होते.

जगभर २१ ला साजरा होतो. मी स्वतः ३१ च्या बाजूचा आहे, कारण सूर्य आकाशात खरोखर त्याच जागी येतो.


मिरजेचा तारकरी (मिरज), ५ मार्च

ताई सलाम. तुमची पेटी आमच्याच गल्लीत दुरुस्त झाली, माझा पण हात लागलाय तिला. भात्याचं चामडं मी बसवलं. खर्जातले नऊ सूर नवीन घातले, बाकी जुनेच घासून घेतले. पितळ जुनं असलं की आवाज गोल येतो, म्हणून जुने काढू दिले नाहीत.

दोन गोष्टी सांगतो. यंदा २१ ला आमची ईद असण्याचा संभव आहे. चंद्र दिसला तर २० ला, नाहीतर २१ ला. तुम्ही २१ धरली तर मला येता येणार नाही, आणि मला यायचंच आहे. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी येऊन सूर बघून जातो. उन्हाळ्यात लाकूड आकसलं की दोन-तीन सूर फुसफुसतात.

दुसरी गोष्ट. तुमच्या घरी तंबोरा आहे, मी बघितलाय. तो बाखखाली लावू नका. आमची घराणी दीडशे वर्षांहून जास्त तंबोरा-सतार करतात, २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन पण मिळालं, तर तंबोऱ्याविरुद्ध बोलताना जीभ अडते. पण कारण आहे. चांगली जवारी लागलेल्या (तारा नीट गुंजणाऱ्या) तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप निघतो, त्याच्यापेक्षा पेटीचा गंधार थोडा चढा असतो. पेटीत बारा सूर सारख्या अंतरावर वाटून दिलेत, म्हणून कुठल्याही पट्टीत चालते, पण कुठंच तंतोतंत लागत नाही. नाट्यपदाला सा एकच असतो, तिथं कान सांभाळून घेतो. तुमच्या या रचनेत तर थोड्याच मात्रांत सा च बदलतो. खाली तंबोरा जुनाच सा धरून बसला की भांडण होणार.

तुम्ही पेटी न्यायला आला होता तेव्हा मला सांगितलं होतं, की बाखला दुसऱ्यानं लावलेलं वाद्य पटत नसे, आपलं वाद्य तो स्वतः लावायचा. ते माझ्या डोक्यात राहिलंय. असा माणूस असेल तर त्याच्या वाढदिवसाला पेटी बेसूर असून चालणार नाही.


अजिंक्यतारा (सातारा), ६ मार्च

ताई, आधी मनातली गोष्ट मोकळेपणानं सांगतो. तुमचा प्रश्न वाचल्यावर मला क्षणभर वाईट वाटलं. विष्णु दिगंबर पलुस्करांचा जन्म कुरुंदवाडचा, १८ ऑगस्ट १८७२. लहानपणी दारूकामानं डोळे अधू झाले आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले. १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि १९३१ साली देह ठेवला तो पुन्हा मिरजेतच. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेच्या दर्ग्यात विसावलेत. त्यांचे वाढदिवस आपल्यापैकी किती घरांत होतात? मग जर्मनीतला बाख का?

दोन दिवस विचार केला आणि मलाच उत्तर मिळालं. आपल्या भागातल्या जुन्या लोकांनी अशी भिंत घातलेलीच नव्हती. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी २२ श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या बावीस सूक्ष्म सुरांवर, १९१० साली पुस्तक काढलं. त्यांच्या प्रयोगांना खाँसाहेबांनी आपला गळा दिला, आणि आमच्या साताऱ्यात न्यायाधीश असलेले क्लेमंट्स नावाचे इंग्रज अधिकारी त्यांच्याबरोबर बसले. त्यातून २२ श्रुतींची पेटी तयार झाली. ती पेटी पुढं चालली नाही, पण सांगलीचा निवृत्त अधिकारी, कैरान्याचा गवई आणि इंग्रज न्यायाधीश एका गंधारावर डोकं लावून बसले होते, हे चित्र मला फार आवडतं.

आणि १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी अवकाशात गेली, तिच्यावर बाखच्या तीन रचना आहेत आणि केसरबाई केरकरांची भैरवी आहे. केसरबाई लहानपणी काही महिने कोल्हापुरात खाँसाहेबांकडेच शिकल्या होत्या. तिकडे वर ते दोघं एकाच तबकडीवर आहेत, तर तुमच्या गावभागातल्या माजघरात का नसावेत?

तर माझी सूचना अशी. सुरुवात खाँसाहेबांच्या एखाद्या जुन्या ध्वनिमुद्रिकेनं करा. काकूंचे कान तिथं उघडतील. मग बाख. मी येणार, आणि येताना कंदी पेढे आणणार.


विश्रामबागचा (मूळ सांगली, सध्या लाइपत्सिश), ७ मार्च

काकू, मी सांगलीच्या वालचंद कॉलेजचा माजी विद्यार्थी, इथं नोकरीला आहे. बाख जिथं १७२३ पासून मरेपर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षं, कँटर, म्हणजे संगीताचा प्रमुख, होता ते थॉमस चर्च माझ्या रोजच्या वाटेवर आहे. आत जमिनीत त्याची समाधी आहे, साधी, नुसतं नाव. अस्थी तिथं मागाहून आणल्या. तिच्यावर कुणी ना कुणी फूल ठेवलेलं असतंच. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला नदीकाठच्या समाध्या आठवल्या.

त्यांना आत कसं न्यायचं असं विचारलंत. मी आईला फोनवर तीन गोष्टी सांगितल्या होत्या आणि ती ऐकायला लागली. तुम्हालाही उपयोग होईल.

पहिली, तो चालत गेला. वीस वर्षांचा असताना बुक्सटेहूडे या ऑर्गनवादकाला ऐकायला आर्नश्टाटहून ल्युबेकला गेला, जवळजवळ चारशे किलोमीटर. सांगलीतून मुंबईपर्यंत पायी, असं समजा. चार आठवड्यांची रजा काढली होती, परत आला चार महिन्यांनी. गुरूसाठी चालत गेलेला माणूस म्हटलं की आपल्याकडं पुढं काही सांगावं लागत नाही.

दुसरी, आपण कागदावर आधी 'श्री' काढतो, तसं तो अनेक हस्तलिखितांवर सुरुवातीला दोन अक्षरं लिहायचा, 'येशू, साह्य कर' या अर्थाची. शेवटी तीन अक्षरं, 'महिमा केवळ देवाचा'. आईनं लगेच म्हटलं, म्हणजे श्रीकृष्णार्पणमस्तु.

तिसरी, तो आईविना आणि वडिलांविना वाढला. दहा वर्षांचा व्हायच्या आत दोघं गेले. थोरल्या भावानं सांभाळलं. भाऊ एक वही कपाटात ठेवायचा, तर रात्री जाळीतून ती ओढून चंद्राच्या उजेडात त्यानं सगळी उतरवून काढली, अशी आठवण त्याच्या मुलानं आणि शिष्यानं लिहिलेल्या मृत्युलेखातच आहे.

आणि चहा ठेवू नका, कॉफी ठेवा. कॉफीच्या नादी लागलेल्या मुलीवर त्यानं अख्खं गंमतीचं नाट्यगीत रचलंय, आणि इथल्या त्सिमरमनच्या कॉफीघरात त्याची मंडळी नेमानं वाजवायची. वरून भडंग असेल तर मला फोटो पाठवू नका, इथं मिळत नाही.


कृष्णाकाठ (गावभाग, सांगली), १ एप्रिल

मंडळी, काल झालं.

तारीख ३१ धरली. ईदचं कारण होतंच, शिवाय कराडच्या दादांचा सूर्य पटला. काल महावीर जयंतीची सुट्टी होती. सकाळी आमच्या बोळाच्या तोंडावरून मिरवणूक गेली, संध्याकाळी सगळे मोकळे. चौदा बोलावले, एकोणीस आले. बाखची बेरीज मोडली, पण कुणाला परत पाठवणार?

मिरजेचे भाऊ सोमवारीच आले आणि दोन तास सूर घासत बसले. खर्जातला एक मध्यम काही केल्या ऐकेना. शेवटी ते म्हणाले, "ताई, हा सूर पुराचं पाणी अजून विसरला नाही." तो तसाच ठेवला.

साताऱ्याच्या दादांचं ऐकून खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका आधी लावली. खोलीतली हालचाल थांबली, तेवढ्यात मी पायपेटीवर बसले. भाषण केलं नाही. पायी चालत गेल्याची गोष्ट, श्री आणि श्रीकृष्णार्पणमस्तु, चंद्राच्या उजेडातली वही, एवढंच सांगितलं. मग पहिल्या रचनेची ओळ सरगममध्ये म्हणून दाखवली आणि सगळ्यांकडून म्हणवून घेतली. सा रे ग म रे ग सा प. एका बाजूच्यांना सुरू करायला लावलं, ते प वर आले की दुसऱ्या बाजूच्यांना. दोनदा गोंधळ झाला, तिसऱ्यांदा जमलं. जमलं तेव्हा काकूंनी टाळी वाजवली. त्यानंतर मी वाजवलं तेव्हा ती ओळ कुठं कुठं येते, कुठं उलटी होते, ते सगळे बोटानं दाखवत होते. उलटी झालेली ओळ शेजारच्या सातवीतल्या मुलीनं सगळ्यात आधी ओळखली.

चौथी रचना वाजवली तेव्हा काकू पहिल्याच ओळीला म्हणाल्या, "अगं, हा तर कीरवाणी." बरोबर होतं त्यांचं. कोमल गंधार, कोमल धैवत, शुद्ध निषाद. बाखला कीरवाणी ठाऊक नव्हता, काकूंना बाख ठाऊक नव्हता. पण पुढं सा सरकला तशा त्या अस्वस्थ झाल्या, "घर सोडून कुठं निघाला हा?" आणि शेवटी परत आला तेव्हा मागं टेकून बसल्या. तंबोरा लावला नाही हे फार बरं झालं.

मग त्याचं नाव वाजवून दाखवलं. जर्मन लोक आपल्या पांढरी एकच्या कोमल निषादाला बी म्हणतात आणि शुद्ध निषादाला एच. म्हणजे बी, ए, सी, एच झालं कोमल नी, ध, वरचा सा, शुद्ध नी. चार सुरांत पूर्ण आडनाव. अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' येतं तशी ही त्याची मुद्रा. शेवटच्या मोठ्या कामात त्यानं ती घातली, आणि ती रचना अर्धीच राहिली. एवढं सांगून मी ते चार सूर पुन्हा एकदा सावकाश वाजवले. कुणी काही बोललं नाही.

कॉफी झाली. पेढे, भडंग. कॉफीला दूध कमी पडलं, कारण पाच माणसं जास्त.

निघायच्या वेळी मिरजेचे भाऊ दारातून परत आले. म्हणाले, "ताई, ती पहिली परत वाजवा, पण नुसता डावा." मी म्हटलं, नुसता डावा कोण ऐकतं? ते म्हणाले, "भाता मी बसवला, मला ऐकायचंय." मग मी उजवा हात मांडीवर ठेवला आणि डाव्याच्या वाट्याची बावीस आवर्तनं एकटीच वाजवली. सुरुवातीला तो थोडा वेळ थांबतो, मग म्हणतो सा रे ग म रे ग सा प, आणि पुढं शेवटपर्यंत गातच राहतो. तोही एक पूर्ण गाणं आहे. अठ्ठावीस वर्षं वाजवतेय, एकटा कधी ऐकलाच नव्हता. चपला घालत असलेले चौघंजण चपला काढून पुन्हा आत आले.

पुढच्या वर्षी आठवी रचना करायची आहे, ती अजून हातात बसलेली नाही. तोवर तो खर्जातला मध्यम बदलायचा की ठेवायचा, ते भाऊ तुम्हीच सांगा.